दोन्ही आयन धरणारे वलय: कॅलिक्स[४]पायरोल

पोटॅशियम परमँगनेटचे दाणे बेंझीनमध्ये टाकून कितीही हलवले, तरी बेंझीन बिनरंगीच राहते. त्यात १८-क्राउन-६ नावाच्या पदार्थाची चिमूट टाकली की द्रावण जांभळे होते. या पदार्थाच्या रेणूचे वलय १८ अणूंचे असते आणि त्यातले सहा ऑक्सिजन आतल्या बाजूला तोंड करून बसलेले असतात. पोटॅशियमचा आयन मधल्या पोकळीत नेमका मावतो. क्राउन ईथरांचे हे कुटुंब चार्ल्स पेडरसन यांनी १९६७ मध्ये जगापुढे मांडले आणि १९८७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

जांभळा रंग मात्र पोटॅशियमचा नाही, परमँगनेटचा आहे. वलयाने त्याला हातही लावलेला नाही. तो पोटॅशियमच्या ओढीने मागोमाग आला आहे. तो येऊ शकला, कारण तो मोठा आहे आणि त्याचा ऋणभार चार ऑक्सिजनवर पसरलेला आहे. त्याच्या जागी क्लोराइड असेल तर हेच वलय फारच कमी क्षार विरघळवते. क्लोराइड लहान असतो, त्याचा भार एकवटलेला असतो आणि पाण्याचे किंवा स्फटिकाचे घर सोडून बेंझीनमध्ये उघड्यावर येणे त्याला महाग पडते. पाण्यात विरुद्ध भारांमधले आकर्षण सुमारे ८० पटींनी कमी होते, क्लोरोफॉर्ममध्ये जेमतेम ५ पटींनी. म्हणून अशा विद्रावकात धनायन धरला की ऋणायनाचा विचार करावाच लागतो. एकाच रेणूने दोघांची सोय केली तर?

ही सोय करणारा एक रेणू आधीपासून उपलब्ध होता: कॅलिक्स[४]पायरोल. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी १८८६ मध्ये पायरोल (चार कार्बन आणि एक नायट्रोजन यांची पाच अणूंची कडी) आणि ॲसिटोन यांची आम्लाच्या सान्निध्यात अभिक्रिया घडवून पांढरा स्फटिकी पदार्थ मिळवला होता. चार पायरोल आणि त्यांना जोडणारे चार कार्बन असे हे वलय. त्या प्रत्येक कार्बनवर दोन मिथिल गट. या मिथिलांमुळे जोडकार्बनांवर हायड्रोजन उरत नाही, म्हणून हवेतल्या ऑक्सिजनने त्याचे पॉर्फिरिन, म्हणजे रक्तातल्या हीमसारखे रंगीत वलय, होत नाही. हे वलय फ्लोराइड आणि क्लोराइड धरते हे टेक्सास विद्यापीठातील जोनाथन सेसलर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले. मधली ११० वर्षे तो पदार्थ कुणाच्या विशेष नजरेत भरला नव्हता.

कृती सोपी आहे. ६.७ ग्रॅम पायरोल आणि ५.८ ग्रॅम ॲसिटोन, म्हणजे प्रत्येकी ०.१ मोल, मिथेनॉलमध्ये घेऊन बर्फात थंड करतात आणि ढवळत ढवळत आम्ल थेंबाथेंबाने सोडतात. आम्ल एकदम ओतले तर मिश्रण तापून उसळते आणि वलयाऐवजी लांब साखळ्यांचा तपकिरी चिकटा वाढतो. पायरोल आधी ऊर्ध्वपातन करून घ्यावा; बाटलीत काळपट झालेला पायरोल वापरला की स्फटिकही मळकट निघतात. या मापात सगळेच्या सगळे वलय बनले तर १०.७ ग्रॅम उत्पादन मिळेल.

मोकळ्या अवस्थेत चार पायरोल आळीपाळीने वर-खाली वळलेले असतात. क्लोराइड आला की चारही नायट्रोजनवरचे हायड्रोजन एकाच बाजूला वळून त्याला हायड्रोजन बंधांनी धरतात. तसे होताना चारही कड्या दुसऱ्या बाजूला झुकतात आणि तिथे एक खोलगट वाटी तयार होते. वाटीच्या भिंती पायरोलच्या इलेक्ट्रॉनसमृद्ध कड्यांच्या. त्यात सिझिअमचा मोठा आयन चांगला बसतो, तर सोडियम भिंतींपासून दूरच राहतो. २००५ मध्ये सिझिअमच्या क्षारांवरील प्रयोगांतून ही रचना स्पष्ट झाली. मला यातली सर्वांत देखणी गोष्ट ही वाटते की धनायनाची जागा ऋणायनच घडवतो. वाटी आधीपासून तयार नसते.

हे बंधन मोजतात ते एनएमआरवर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनसारख्या अणूंचे संकेत टिपणाऱ्या यंत्रावर. वलयाचे द्रावण लिटरला १ ते २ मिलीमोल घेतात आणि क्षार त्याच द्रावणात विरघळवून थोडाथोडा घालत जातात. त्यामुळे वलयाची संहती शेवटपर्यंत तीच राहते. नायट्रोजनवरच्या हायड्रोजनचा संकेत एनएमआरच्या पीपीएम या मोजपट्टीवर सुमारे ७ वरून ११ च्या आसपास सरकतो. चुका होतात त्या इथेच. क्लोराइडसाठी नेहमी टेट्राब्युटिलअमोनिअम या मोठ्या सेंद्रिय धनायनाचा क्षार वापरतात, पण तो हवेतली ओल शोषतो आणि वजन चुकते. फ्लोराइडचा क्षार तापवून सुकवायला गेले तर तो विघटित होतो. शिवाय फ्लोराइड काही वलयांचा हायड्रोजन सरळ काढूनच घेतो आणि ते बंधन समजले जाते. डायक्लोरोमिथेनमध्ये अमोनिअम धनायन बदलला तरी क्लोराइडचा बंधनस्थिरांक, म्हणजे बंधन किती घट्ट ते सांगणारा आकडा, बदलतो. भारांमधले आकर्षण बरेच कमी करणाऱ्या डीएमएसओ या विद्रावकात मात्र तसा फरक पडत नाही. म्हणूनच विद्रावक आणि धनायन न सांगता दिलेला आकडा निरुपयोगी समजावा. धनायन आणि ऋणायन वेगवेगळ्या जागी धरणाऱ्या वलयांत आणखी एक अडचण येते. पोटॅशियमचा एक क्षार आणि क्लोराइडचा दुसरा क्षार घातला की दोघे वलय सोडून आपसात जुळतात, नळीच्या तळाशी पोटॅशियम क्लोराइडचा पांढरा साका बसतो आणि संकेत रिकाम्या वलयाच्या जागी परत जातात.

सोबतच्या ऋणायनाचा हा हिशेब अणुकचऱ्यात फार मोलाचा ठरतो. सिझिअम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात कॅलिक्सअरीन (बेंझीनच्या कड्यांचे वाटीसारखे वलय) आणि क्राउन-६ (सहा ऑक्सिजनचे क्राउन ईथर) जोडलेल्या वलयाने तो नायट्रिक आम्लातल्या कचऱ्यातून वेगळा काढतात. पुढे तो काचेत बंदिस्त करून त्याच्या कांड्या रक्तपिशव्यांना किरणोत्सार देणाऱ्या यंत्रांत वापरतात. हे वलय सिझिअमच धरते. नायट्रेटला सेंद्रिय थरात, म्हणजे पाण्यात न मिसळणाऱ्या विद्रावकात, सावरायला सोबत अल्कोहोल घालावे लागते. कचऱ्यात नायट्रेट भरपूर असते तेव्हा सिझिअम सेंद्रिय थरात जातो आणि नंतर तोच थर जवळजवळ नायट्रेट नसलेल्या पाण्याला लावला की परत पाण्यात येतो.

दोन्ही आयन एकाच रेणूत घट्ट धरले तर ही सुटका अवघड होते. सेसलर आणि सहकाऱ्यांनी कॅलिक्स[४]पायरोलला क्राउन-६ ची जागा जोडलेले वलय बनवले आणि सिझिअम नायट्रेट ओढल्यावर पोटॅशियम पर्क्लोरेट देऊन पाहिले. पोटॅशियम वलयात शिरला आणि सिझिअम बाहेर पडला.