ग्रीसने माखलेला दोर सुरक्षितच, हा समज चुकीचा

डिचोली-सांगे भागातील लोहखनिजाच्या खाणी जमिनीवरूनच उघड्या खोदलेल्या असल्यामुळे तारदोराला (पोलादी तारा वळून केलेल्या दोराला) टांगलेल्या पिंजऱ्यातून खाली उतरण्याचा अनुभव गोव्यात फारसा कुणाला नाही. तरीही कर्नाटकातील हट्टीच्या सोन्याच्या खाणीसारख्या खोल खाणींविषयी बोलताना ‘ग्रीस भरपूर असले की तारदोर तुटत नाही’ असे ठामपणे, बहुधा ऐकीव माहितीवर, सांगितले जाते. ते खरे नाही. वंगण गंज रोखते, पण तुटलेल्या तारा झाकतेही; म्हणून तपासणीच्या जागी ते पुसून तारा पाहाव्या लागतात, व्यास मोजावा लागतो आणि आतल्या दोषांसाठी चुंबकीय चाचणी करावी लागते. विशेष दगा देणारी जागा पिंजऱ्याच्या जोडणीलगतची, कारण दोराची कंपने तिथे येऊन अडतात. त्यामुळे ठरावीक मुदतीने तेवढा भाग कापून जोडणी नव्याने करतात आणि कापलेला तुकडा उकलून आतल्या तारांची अवस्था तपासतात.