ड्रम सुटतो तो तेलाने नव्हे

रत्नागिरीत आमची गाडी पावसाळाभर उभी होती, तीही हँडब्रेक ओढून. हा माझाच शहाणपणा. मागचे लायनर (ब्रेकच्या झिजणाऱ्या पट्ट्या) बदलायला चाकं काढली, तर ब्रेकचा ड्रम हबला, म्हणजे चाक बसतं त्या मधल्या भागाला, असा चिकटलेला की जणू एकाच ओतीवातले. जमलेल्या प्रत्येकाकडे उपाय होता. रॉकेल, डिझेल, कोला! "रात्रभर तेल सोडा, गंज विरघळतो," हे तर सगळ्यांना पाठ.

तेलात गंज विरघळत नाही. मग तेल करतं काय?

आधी ड्रम अडकतो कसा ते बघू. 56 ग्रॅम लोखंड सुमारे 7 घनसेंमी जागा व्यापतं. त्यात ऑक्सिजन आणि पाणी शिरलं की त्याचाच 89 ग्रॅम गंज होतो आणि त्याला लागते जवळपास 21 घनसेंमी जागा. तिप्पट! ड्रमचं मधलं भोक हबच्या कड्यावर बसतं, तिथली फट केसाएवढी. समजा 0.06 मिमी. दोन्ही बाजूंचं मिळून 0.03 मिमी लोखंड गंजलं की त्याचा 0.09 मिमी गंज होतो, म्हणजे खाल्लेली जागा भरून वर आख्खी फट बुजवण्यापुरता. गंज त्यानंतरही फुगत राहतो आणि पाचर ठोकल्यासारखा दोन्हीकडे रेटतो. किनाऱ्यावरच्या जुन्या इमारतींच्या स्लॅबमधली सळई काँक्रीट फोडून बाहेर डोकावते, ती याच जोराने. खारी हवा हे सगळं लवकर उरकते, कारण मिठाच्या पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो.

पण गंज ठिसूळ असतो. दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून हबभोवतीच्या सपाट भागावर हातोड्याचे बेताचे ठोके द्यायचे. त्याने गंजाला बारीक तडे जातात. आता तेलाची पाळी. ते केशाकर्षणाने तड्यात ओढलं जातं आणि तिथे वंगण म्हणून काम करतं. तडा निम्मा अरुंद झाला तर ओढ दुप्पट होते, पण चिकटपणाचा अडथळा चौपट, म्हणून वेग शेवटी निम्माच उरतो. रात्रभर थांबायचं ते यासाठी. तडाच नसेल, तर तेल वरच्या वर ओघळून लायनर मात्र खराब करतं.

आम्ल गंज खातं, हे खरं. लिंबातलं सायट्रिक आम्लही खातं, फक्त त्यासाठी लिंबू मिरच्यांसोबत बंपरला टांगून भागत नाही. कोलातलं आम्ल फारच पातळ, आणि त्यातल्या साखरेचा चिकटा वेगळाच.

ओढायच्या आधी हँडब्रेक सोडायचा आणि मागच्या भोकातून ॲडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा भाग) सैल करायचा, नाहीतर शू, म्हणजे लायनर लावलेले अर्धगोल तुकडे, आतून ड्रमला धरून ठेवतात. आणि बऱ्याच छोट्या गाड्यांच्या ड्रमला आटे पाडलेली दोन भोकं असतात, ती कशाला हे कुणी विचारतच नाही! त्यांत 8 मिमीचे बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. 20 सेंमीच्या पान्यावर 5 किलोची ओढ दिली, तर घर्षणात गेलेला जोर वजा जाऊनही एकेक बोल्ट हबवर टेकून ड्रमला 600 किलोच्या आसपास जोराने बाहेर ढकलतो. गॅसची ज्योत मारायचा मोह टाळा. आत ब्रेकच्या सिलिंडरचे रबर असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथ्या आवळणीला 'टण्ण' झालं आणि ड्रम हातात आला. हबचं कडं घासून त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवला. आता पावसाळ्यात गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि चाकांखाली दगड, हँडब्रेक खालीच.