बुडालेली पाणबुडी मध्येच का थांबत नाही?

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धाच्या स्मारकापाशी मुलांना घेऊन उभा होतो. जर्मनीत कीलजवळ मोल्टेनॉर्टला पाणबुड्यांवरच्या नाविकांचं स्मारक आहे, ब्राँझच्या पाट्यांवर बोटीबोटीनुसार नावं आहेत, दुसऱ्या महायुद्धातलीच सुमारे ३० हजार, असं सांगत होतो. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, त्या पाणबुड्या अजून मध्येच कुठेतरी तरंगत असतील का?"

हा समज मोठ्यांचाही असतो: खाली पाणी 'घट्ट' होतं, म्हणून वस्तू अधांतरी राहते. पण पाणी फारसं दबत नाही. चार किलोमीटर खोलीवरही त्याची घनता जेमतेम दोन टक्क्यांनी वाढते, आणि लोखंड पाण्याच्या पावणेआठ पट जड.

खरी गंमत पुढे आहे. विहिरीच्या तळाशी सूर मारला की कान दुखतात. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दाबाएवढा, वाढतो. कोयना धरणाची भिंत १०३ मीटर उंच. तेवढ्या खोलीवर पाणबुडीच्या प्रत्येक चौरस मीटरवर शंभर टनांवर भार येतो, म्हणजे सहा-सात भरलेल्या एसटी. पोलादी अंग किंचित आक्रसतं, पाण्यापेक्षा जास्त. आकारमान घटलं की बाजूला सारलेलं पाणी घटतं, म्हणजे आर्किमिडीजचा वर ढकलणारा जोरही. बोट आणखी खाली जाते, आणखी आक्रसते. समतोल एकदा बिघडला की तो आपोआप सावरत नाही, बिघडतच जातो.

घरी करून बघा. पेनाच्या टोपणाचं भोक बुजवा, कडेला कणकेची गोळी लावा आणि टोपण जेमतेम तरंगेल असं काठोकाठ भरलेल्या बाटलीत सोडा. झाकण घट्ट लावून बाटली दाबली की आतली हवा दबते आणि टोपण बुडतं.

वर येण्यासाठी बॅलास्ट टाक्यांतलं (खाली जाण्यासाठी पाण्याने भरतात त्या टाक्यांतलं) पाणी दाबाखालच्या हवेने बाहेर हाकलतात. पण बॉइलचा नियम आठवा: दाब जितक्या पट वाढतो, तितक्या पट हवेचं आकारमान घटतं. शंभर मीटरवर दाब अकरा वातावरणं (पाण्याची दहा, वरच्या हवेचं एक), म्हणून पृष्ठभागावर जेवढं पाणी हटवेल, त्याच्या अकराव्या हिश्शाएवढंच तीच हवा तिथे हटवते. त्यात एखादा कप्पा पाण्याने भरला असेल, तर टाक्या पूर्ण रिकाम्या करूनही वजन उरतंच.

अशा बुडालेल्यांचे आत्मे भटकतात, असले व्हिडिओ फिरतात. अंत्यसंस्कार झाले नाहीत म्हणून मुलगा अडकून पडलाय, असं आईबापांना ऐकवणं क्रूर आहे, आणि खोटंही.

मोल्टेनॉर्टच्या स्मारकावर नावं बोटीबोटीनुसार आहेत, त्याचं कारण साधं आहे. बोट गेली की बहुधा सगळेच जातात. १९७१ च्या ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडालेल्या पाकिस्तानच्या गाझी पाणबुडीवरचे ९३ जण एकत्रच गेले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या आणि साडेतीन हजारांवर माणसं गेली. त्यांतल्या कित्येक बोटींबद्दल सांगायला कुणी मागे उरलं नव्हतं. परतायचा दिवस उलटला, वाट पाहिली, आणि मग कागदावर नोंद झाली: मुदतीत परतली नाही, गमावली असावी.