अर्धा कोयता

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा या भागातल्या वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. ट्रॉलीत आधी बाजरीचं पोतं चढतं, मग पातेली, गोधड्या, झाकणाच्या बादल्या, एखादी शेळी, आणि सगळ्यात शेवटी माणसं. पुढचे चार-पाच महिने ही माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कुठल्या तरी साखर कारखान्याच्या हद्दीत, उसाच्या पाचटाच्या कोपीत राहणार. गावात उरतात म्हातारी आणि काही मुलं.

मजुरांना कामाला नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत मात्र माणसांचा हिशेब नसतो, कोयत्यांचा असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस, तो कितीही राबणारा असला तरी, अर्धा कोयता.

वडवणी तालुक्यातल्या एका वस्तीवर मी गेलो, तेव्हा ओट्यावर बसून एक बाई कोयत्याच्या मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळत होती. दोन मुलं. नवऱ्याने दुसरं घर केलेलं, तिला सोडून तीन वर्षं झालेली. त्याआधीचे सात हंगाम तिने त्याच्या जोडीने ऊस तोडला होता. म्हणजे तोडायची, मोळ्या बांधायची, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायची सगळी कामं तिला येत होती. तो गेल्यावर पहिल्या वर्षी मुकादमाने तिला घेतलंच नाही. दुसऱ्या वर्षी अर्ध्या कोयत्याची उचल, म्हणजे मजुरीतून फेडायची आगाऊ रक्कम, देतो म्हणाला आणि हातावर ठेवली त्याहून कमी. यंदा धाकट्या भावाची बायको बाळंतीण होती, म्हणून बहीण-भाऊ मिळून एक कोयता झाला होता.

त्याच वस्तीच्या पारावर त्या दिवशी वाद रंगला होता. एकजण म्हणत होते, "या लोकांना वळण नाही. दारू, लवकर लग्न, बायका टाकणं. मग गरिबी येणार नाही तर काय?" दुसरे तावातावाने सांगत होते, "पोटाला नीट मिळू द्या, घरं आपोआप नांदतील." असा वाद आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो, बहुतेकांनी केलेलाही असतो. घर मोडलं म्हणून गरिबी आली, की गरिबीने घर मोडलं? या प्रश्नाचं उत्तर कुणाच्या मतावर सोडून द्यायची गरज नाही. ते तपासता येतं, आणि गेल्या काही दशकांत ते पुष्कळ कसोशीने तपासलं गेलं आहे.

वाद जुना आहे आणि फक्त आपला नाही. अमेरिकेत १९६५ साली डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी सरकारसाठी कृष्णवर्णीय कुटुंबांवर एक अहवाल लिहिला. गुलामगिरी आणि बेकारी यांचा इतिहास त्यात होता, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की कुटुंब विस्कटलं आहे आणि दुष्टचक्राच्या मुळाशी तेच आहे. पुढे विल्यम ज्युलियस विल्सन या समाजशास्त्रज्ञाने १९८७ साली उलट बाजू मांडली. शहरांतले कारखाने गेले, पुरुषांची बऱ्यापैकी पगाराची कामं गेली, आणि घर चालवू शकेल असा पुरुषच कमी झाला, म्हणून लग्नं कमी झाली.

दोन्ही बाजूंची अडचण एकच होती. मोडलेली घरं आणि गरिबी एकत्र आढळतात हे कुणीही मोजू शकतं. पण एकत्र आढळणं वेगळं आणि एकामुळे दुसरं घडणं वेगळं. खरी परीक्षा घ्यायची तर काही कुटुंबांची फक्त गरिबी बदलली पाहिजे, बाकी सगळं आहे तसं राहिलं पाहिजे. असा प्रयोग माणसांवर कोण करणार? कधीकधी परिस्थितीच तो करून टाकते.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या डोंगराळ भागात १९९३ पासून जेन कॉस्टेलो आणि त्यांचे सहकारी १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याची दरवर्षी नोंद घेत होते. त्यांपैकी साधारण चौथा हिस्सा चेरोकी या मूळनिवासी जमातीतला. अभ्यास चालू असतानाच जमातीच्या जमिनीवर कॅसिनो उघडला आणि त्याच्या नफ्यातला वाटा जमातीच्या प्रत्येक माणसाला मिळू लागला. काम करणारा असो की बसून असणारा, दारू पिणारा असो की न पिणारा, वाटा सगळ्यांना सारखा. कुणाचं वळण तपासलं नाही, कुणाला उपदेश केला नाही. काही कुटुंबं त्या पैशामुळे दारिद्र्यरेषेच्या वर आली.

२००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गरिबीतून वर आलेल्या घरांतल्या मुलांची भांडखोरपणा, चोऱ्या, उद्धटपणा अशी वागणुकीची लक्षणं सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली होती. जी मुलं कधीच गरीब नव्हती, त्यांच्या बरोबरीला ती आली. चिंता आणि नैराश्य यांत मात्र तसा फरक पडला नाही, म्हणजे पैसा हे सगळ्यावरचं औषध ठरलं नाही. आणि फरक पडला तो कशामुळे, हेही त्यांनी शोधलं. आई-बापांना मुलांकडे लक्ष द्यायला सवड मिळाली होती, हा त्यातला मोठा भाग निघाला.

मला या अभ्यासातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. पारावरचे गृहस्थ ज्याला वळण म्हणतात, त्यातला मोठा भाग म्हणजे आई-बापाचा वेळ आणि शांत डोकं. पहाटे चारला फडात गेलेली आणि रात्री गाडी भरून परतलेली आई मुलाला वळण कधी लावणार?

शांत डोक्याचं काय होतं, हे तमिळनाडूत पाहिलं गेलं, तेही ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांमध्येच. उसाचा पैसा वर्षातून एकदा येतो. त्यामुळे एकच शेतकरी तोडणीआधी हातघाईला आलेला असतो आणि तोडणीनंतर जरा मोकळा. संशोधकांनी ४६४ शेतकऱ्यांना दोन्ही वेळा आकृत्यांची कोडी घातली. तोडणीनंतर जिथे सरासरी साडेपाचच्या आसपास उत्तरं बरोबर आली, तिथे त्याच माणसांची तोडणीआधी साडेचारहून कमी आली होती. माणूस तोच, शिक्षण तेच, वळणही तेच. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि खूप गाजलं. पुढे अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर अशीच चाचणी घेतली, तेव्हा असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. विज्ञानात एक अभ्यास म्हणजे शेवटचा शब्द नसतो. पण ओडिशात पत्रावळी बनवणाऱ्या मजुरांवर झालेला प्रयोग याच दिशेने बोट दाखवतो. ओढगस्तीच्या दिवसांत काहींना कमावलेली मजुरी थोडी आधी दिली. रक्कम तेवढीच, फक्त हातात लवकर आली. त्यांनी जास्त पत्रावळी केल्या आणि त्यात चुकाही कमी केल्या. देणं फिटल्यावर डोक्यातली जागा मोकळी होते, एवढाच त्याचा अर्थ.

आता हेच आपल्या वस्तीवर आणून पाहू. जानेवारी २०२४ च्या करारात ऊसतोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला साधारण ३६६ रुपये झाला. जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर दोघांचे मिळून सव्वासातशे-साडेसातशे होतात. एक लाखाची उचल घेतली असेल तर ती फिटायला १३७ दिवस लागतात, म्हणजे जवळजवळ अख्खा हंगाम. तोही एक खाडा न करता. खाडा झाला की मजुरी तर जातेच, वर दंडही लागतो. पाऊस कमी, ऊस कमी, पट्टा लवकर पडला म्हणजे हंगाम लवकर संपला, की बाकी अंगावर राहते आणि पुढच्या हंगामाला ती फेडायला जावं लागतं. आणि ही उचल हंगाम सुरू होण्याआधीच दवाखान्यात, सावकाराकडे किंवा लग्नात खर्च झालेली असते. तमिळनाडूच्या शेतकऱ्याला वर्षातले निदान काही महिने मोकळं डोकं मिळतं. आपल्याकडे पैसा आधी संपतो आणि काम नंतर सुरू होतं.

खाडा नको म्हणून बाईच्या शरीराचं काय होतं, ते २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांत १३,८०० च्या वर बायकांची गर्भाशयं काढलेली आढळली, म्हणजे दर सहा बायकांत एक. पाळीच्या दिवसांत ना आडोसा ना पाणी, अंगावरून जाणं आणि दुखणं अंगावर काढायचं, मग कुणी तरी सांगतं की पिशवी काढली की कायमची कटकट मिटेल. ऑपरेशनला पुन्हा कर्ज. तिशीतली बाई त्यानंतर कंबर धरून बसते, आणि मोळी उचलवत नाही म्हणून घरात बोलणी खाते. या घराला तडा गेला तर त्याला संस्कार कमी पडले असं मी तरी म्हणणार नाही.

लवकर होणाऱ्या लग्नांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होतं. बीडमध्ये ते ४४ टक्क्यांच्या जवळ होतं, परभणीत ४८. आता एक गंमतीचा नव्हे, पण विचार करायला लावणारा शोध असा आहे, की दुष्काळ पडला की आफ्रिकेतल्या अनेक देशांत मुलींची लग्नं लवकर होतात, कारण तिथे मुलीच्या बापाला वरपक्षाकडून देज मिळतं. भारतात उलट, दुष्काळात मुलींची लग्नं थोडी पुढे जातात, कारण इथे हुंडा द्यावा लागतो. दुष्काळ दोन्हीकडे तोच, गरिबीही तीच, फक्त पैसा कुणाकडून कुणाकडे जातो ते वेगळं. म्हणजे चालीरीतींना काही अर्थच नाही, सगळं पैशावर ठरतं, असं म्हणणाऱ्यांनाही हा शोध अडवतो.

मग बीडमध्ये लग्नं लवकर का? मला वाटतं, कोयत्याच्या हिशेबाने इथलं गणित फिरवलं आहे. सतरा वर्षांचा मुलगा एकटा असेल तर अर्धा कोयता, लग्न झालं की पूर्ण. नव्या जोडीची उचल मिळते आणि त्यातच लग्नाचा खर्च निघतो. मुलीच्या बाजूने भीती असते. तिला गावात म्हातारीजवळ ठेवायचं तर घोर, फडावर न्यायचं तर त्याहून घोर. परभणीचा आकडा मात्र नुसत्या कोयत्याने समजत नाही, कारण तिथून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं बीडच्या मानाने कमी आहेत. तिथे शाळेचं अंतर, हुंडा, नात्यातली लग्नं असं बाकीचंही धरावं लागेल.

आणि दारू? तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही, कारण ज्या बाया मला भेटल्या त्यांच्यापैकी जवळपास प्रत्येकीने तिचं नाव घेतलं. चेन्नईत फ्रँक शिलबाख या अर्थशास्त्रज्ञाने सायकलरिक्षा ओढणाऱ्यांवर प्रयोग केला. जे दिवसा न पिता येतील त्यांना रोज थोडे पैसे. दिवसाचं पिणं कमी झालं आणि त्यांची बचत चांगलीच वाढली. म्हणजे दारू ही नुसती गरिबीची सावली नाही, ती स्वतः घर पोखरते. पण त्याच प्रयोगात असंही दिसलं, की अटीशिवायचे पैसे मिळत असताना अनेकांनी न पिण्याच्या अटीचे पैसे आपणहून निवडले, काहींनी तर रक्कम कमी असूनही. त्यांना सुटायचं होतं. रिक्षा ओढून ठणकणारं अंग घेऊन ते रोज संध्याकाळी गुत्त्यासमोरून जात होते. मोळी उचलून उचलून मान-पाठ धरलेल्या माणसाचं याहून वेगळं नसतं. गरिबाच्या हातात पैसे दिले की ते दारूत जातात, ही समजूतही अनेक देशांतल्या अभ्यासांत टिकली नाही. थेट मदत मिळालेल्या घरांत दारू-तंबाखूवरचा खर्च सहसा वाढलेला दिसत नाही.

तेव्हा पारावरच्या दोघांपैकी कोण बरोबर, असं मला विचाराल तर माझं झुकतं माप दुसऱ्याकडे आहे, पण पूर्ण नाही. पैशाची ओढाताण घराला आधी पोखरते, याचे पुरावे जास्त भक्कम आहेत. पण एकदा घर मोडलं की ते मोडणंच पुढच्या गरिबीचं कारण होतं, आणि त्याची सगळी किंमत बाई मोजते. शेत नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर, शिधापत्रिकेत नाव सासरच्या गावात. माहेरी आलेली बाई म्हणजे सरकारदरबारी जवळपास कुणीच नाही. आणि हे काही निसर्गाने ठरवलेलं नाही. बाईची मजूर म्हणून स्वतःच्या नावाने नोंद झाली, तिची उचल आणि तिची मजुरी तिच्या खात्यात आली, मुलांना हंगामी वसतिगृहात ठेवता आलं, तर नवरा गेल्यावर तिच्या पोटाचा निम्मा भाग त्याच्यासोबत जाणार नाही. ऊसतोड कामगारांना ग्रामसेवकामार्फत ओळखपत्रं द्यायची योजना आहे, मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहं मंजूर आहेत. मुकादमाच्या वहीचं पान मात्र अजून बदललेलं नाही.

वडवणीच्या त्या बाईकडे मी पट्टा पडल्यावर पुन्हा गेलो. बहीण-भावाची उचल जेमतेम फिटली होती. वहीत नाव भावाचं होतं, त्याच्यापुढे लिहिलेलं 'एक कोयता'. ती ओट्यावर बसून मुठीवरची चिंधी सोडत होती, घामाने ती काळी-कडक झालेली. भावजयीचं बाळ आता रांगायला लागलं होतं. पुढच्या हंगामाला भावजय जाणार, असं तिनेच सांगितलं. मी विचारलं, मग तुमचं? तिने चिंधी घडी करून ठेवली आणि म्हणाली, "थोरला आता चौदाचा झालाय. त्यो येतो म्हणतोय जोडीला."