निर्बीजीकरण, पाळीव कुत्र्या-मांजरांचे (बेळगाव सीमाभाग)

कुत्रा किंवा मांजर यांची प्रजननक्षमता शस्त्रक्रियेने कायमची बंद करणे म्हणजे निर्बीजीकरण. मादीमध्ये दोन्ही अंडाशय आणि बहुधा त्यांच्यासोबत गर्भाशयही काढले जाते, तर नरामध्ये दोन्ही वृषण काढले जातात. बोलण्यात यास ‘ऑपरेशन’ किंवा ‘नसबंदी’ असे म्हटले जाते. माणसाच्या नसबंदीत केवळ नलिका बांधली अथवा कापली जाते आणि संप्रेरके तयार करणाऱ्या ग्रंथी शाबूत राहतात. येथे ग्रंथीच काढल्या जात असल्याने मादीचे माजावर येणे कायमचे थांबते, आणि मादीच्या शोधात भटकणे, रात्री ओरडणे, भिंतींवर मूत्राचे फवारे मारून हद्द आखणे हे नराचे वर्तनही बरेच कमी होते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या तालुक्यांत मराठी व कन्नड भाषिक शेजारी शेजारी राहतात. या भागात पाळीव आणि मोकाट हा भेद शहरी पुस्तकांत दिसतो तितका ठळक नाही. मळ्यावरचा किंवा वस्तीवरचा कुत्रा दिवसा साखळीला असतो आणि राखणीसाठी रात्री मोकळा सोडला जातो. मांजर तर धान्याच्या उंदरांसाठीच ठेवलेले असते. ते जेवते एका घरी, व्यायते दुसऱ्याच्या माळ्यावर आणि हिंडते साऱ्या गल्लीत. त्यामुळे घरच्या जनावराचे निर्बीजीकरण हा त्या घरापुरता खाजगी निर्णय आहे असे येथे म्हणता येत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या वाढीत घरच्या, पण रात्री मोकळ्या असलेल्या कुत्र्यांचाही वाटा असतो, आणि नगरपालिकांच्या मोहिमांत नेमका हाच वाटा हिशेबाबाहेर राहतो.

प्रजननाचे स्वरूप : कुत्री साधारणतः ६ ते १२ महिन्यांच्या वयात प्रथम माजावर येते; लहान जातींत हे वय कमी असते, तर मोठ्या जातींत ते दीड वर्षाच्या पुढेही जाऊ शकते. त्यानंतर बहुतेक कुत्र्या वर्षातून सुमारे दोनदा माजावर येतात. माजाच्या पहिल्या सुमारे ९ दिवसांत रक्तस्राव होतो, पण त्या टप्प्यात मादी नराला जवळ येऊ देत नाही. त्यापुढील सुमारे आठवडाभराचा काळ गर्भधारणेचा असतो. रक्त थांबले म्हणजे धोका टळला असे समजून मालक साखळी सोडतात आणि नेमकी तेव्हाच कुत्री गाभण राहते. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. मोकळ्या कुत्र्यांचा मिलनकाळ पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतो आणि पिले थंडीच्या दिवसांत जन्मतात. लोकव्यवहारात भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना मानला गेला तो या निरीक्षणावरूनच. घरात चांगल्या आहारावर वाढलेली कुत्री मात्र हे पंचांग पाळतेच असे नाही.

मांजरांची गोष्ट वेगळी आहे. भाटी, म्हणजे मांजराची मादी, चौथ्या ते सहाव्या महिन्यातच माजावर येऊ शकते, म्हणजे घरातील माणसे तिला अजून पिलूच समजत असतात तेव्हा. तिच्यात बीजोत्सर्ग, म्हणजे अंडाशयातून बीज सुटणे, आपोआप होत नाही, तर बोक्याशी झालेल्या समागमाच्या उत्तेजनाने होतो; त्यामुळे गर्भ राहण्याची शक्यता फार मोठी असते, आणि समागम न झाल्यास माज थोड्या थोड्या दिवसांनी परत परत येतो. मांजरांचा माज दिवसाच्या लांबीशी जोडलेला असतो. थंड प्रदेशांत हिवाळ्यातील लहान दिवसांमुळे तो काही महिने थांबतो. बेळगाव मात्र सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने येथील सर्वांत लहान दिवसही ११ तासांपेक्षा थोडा मोठाच असतो, आणि भाटीला अशी विश्रांती मिळेलच याचा भरवसा नसतो. पिलांना पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते.

वर्षाकाठी अशी दोन-तीन वेते झाली की पिलांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. पहिल्या वेताची पिले नातेवाइकांत जातात. पुढच्या वेतांना घेणारे सापडत नाहीत. मग ती पोत्यात किंवा खोक्यात घालून बाजारपेठेजवळ, देवळापाशी, नाही तर गावाबाहेरच्या रस्त्यावर सोडली जातात. कुत्र्याच्या वेतात नर पिलांना राखणीसाठी मागणी असते, त्यामुळे टाकून दिल्या जाणाऱ्यांत माद्या अधिक असतात, आणि रस्त्यावरची पुढची पिढी त्यांच्याच पोटी येते. उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. निर्बीजीकरण ‘निसर्गाच्या विरुद्ध’ असल्याचा आक्षेप तपासताना त्याची तुलना मोकळ्या नैसर्गिक आयुष्याशी नव्हे, तर या पोत्याशी करावी लागते.

शस्त्रक्रिया : शस्त्रक्रियेपूर्वी जनावराची तपासणी, वजन आणि शक्य तेथे रक्तचाचणी केली जाते. सीमाभागात रक्तचाचणीला विशेष महत्त्व आहे, कारण गुरांच्या गोठ्याशेजारी राहणाऱ्या कुत्र्यांवर गोचिडांचा प्रादुर्भाव नेहमीचा असतो. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या एर्लिकिया जंतूंच्या संसर्गात रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशी घटतात. वरून धडधाकट दिसणाऱ्या अशा कुत्रीला शस्त्रक्रियेत किंवा तिच्यानंतर रक्तस्राव होऊन जिवावर बेतू शकते. आधी हा संसर्ग, म्हणजेच गोचीड-ताप, बरा करावा आणि मग शस्त्रक्रिया ठरवावी, हा क्रम टाळू नये. कुत्री नुकतीच माजावर येऊन गेली असल्यास दोन ते तीन महिने थांबणे श्रेयस्कर मानतात, कारण माजाच्या काळात प्रजनन अवयवांच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. प्रौढ जनावराला आदल्या रात्रीपासून अन्न देत नाहीत. लहान पिलांची रक्तशर्करा लवकर घसरत असल्याने त्यांना इतका दीर्घ उपास सोसत नाही.

शस्त्रक्रिया संपूर्ण भुलीखाली होते. झायलाझीन, केटामाइन, डायझेपाम, प्रोपोफॉल ही इंजेक्शने प्रचलित असून सुसज्ज दवाखान्यांत आयसोफ्ल्युरेन वायूची भूल वापरतात. बेळगावला लागून असलेल्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हे गाव मुधोळ हाउंड किंवा कारवानी या शिकारी जातीसाठी प्रसिद्ध आहे आणि सीमाभागातील मळ्यांवर ही जात व तिचे संकर पुष्कळ दिसतात. नजरेने सावज हेरून धावणाऱ्या सडपातळ कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी असते. अशा जातींपैकी ग्रेहाउंडमध्ये थायोपेंटोनसारख्या जुन्या औषधाची भूल उतरण्यास फार वेळ लागत असल्याचे दिसून आले आहे. त्यामुळे कुत्रा कारवानी किंवा कारवानीचा संकर असल्यास मालकाने ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

मादीच्या पोटावर मध्यरेषेत किंवा कुशीत छेद घेऊन अंडाशय व गर्भाशय बाहेर काढतात. मोकाट कुत्र्यांच्या मोहिमांत कुशीतील छेद पुष्कळदा पसंत केला जातो, कारण सोडून दिलेल्या जनावराची जखम लांबूनही पाहता येते. आतले टाके विरघळणाऱ्या दोऱ्याचे असतात; बाहेरचे टाके साधारणतः १० ते १४ दिवसांनी काढतात. नराची शस्त्रक्रिया बरीच सोपी असते आणि बोक्याला तर अनेकदा बाहेरून टाकाही घालावा लागत नाही. ज्या नराचा एक वृषण खाली उतरलेला नसतो, त्याचा आत राहिलेला वृषण पोटातून किंवा जांघेतून शोधून काढणे अगत्याचे असते, कारण अशा वृषणात पुढे गाठ होण्याचा संभव वाढतो.

घरी आणल्यावर जखम कोरडी ठेवणे आणि जनावराला ती चाटू न देणे ही दोन कामे मुख्य. त्यासाठी गळ्यात प्लॅस्टिकचा शंकू घालतात. खानापूर तालुक्याच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात जमीन महिनोन्‌महिने ओली असते आणि माश्या जखमेवर अंडी घालून तीत आळ्या पडतात. कुत्रा गोठ्यात किंवा अंगणातच राहणार असेल, तर शस्त्रक्रिया पावसाळा सरल्यावर करणे शहाणपणाचे, घरात कोरडी जागा असेल तर ऋतूची अडचण नाही. माणसांचे वेदनाशामक स्वतःच्या अंदाजाने देऊ नये. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही मारक ठरू शकते. शस्त्रक्रियेनंतरही नराच्या नलिकांत काही आठवडे शुक्राणू शिल्लक राहतात, म्हणून महिना-दीड महिना त्याला माजावरच्या मादीपासून दूर ठेवावे.

लाभ, हानी व योग्य वय : मादीच्या बाबतीत सर्वांत मोठा वैद्यकीय लाभ म्हणजे गर्भाशयात पू होण्याच्या, म्हणजेच पायोमेट्राच्या, विकारापासून सुटका. उतारवयाकडे झुकलेल्या, न व्यालेल्या किंवा व्यालेल्या कोणत्याही कुत्रीला माजानंतर काही आठवड्यांनी हा विकार होऊ शकतो. तिला तहान फार लागते, खाणे सुटते. गर्भाशयाचे मुख मिटलेले असल्यास पू बाहेर न येता शरीरात विष पसरते आणि रात्री-अपरात्री तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. तालुक्याच्या गावी अशी सोय क्वचितच असल्याने ही कुत्री बेळगावला किंवा कोल्हापूर-मिरजेकडे न्यावी लागते आणि त्यात वेळ हातचा जातो. लवकर केलेल्या निर्बीजीकरणाने स्तनांच्या गाठींचा धोकाही घटतो. कुत्र्यांतील या लाभाच्या नेमक्या प्रमाणाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मांजरांत मात्र वर्षाच्या आत निर्बीजीकरण झाल्यास तो धोका खूपच कमी होतो, आणि मांजरातील स्तनांच्या गाठी बहुतांशी कर्करोगाच्या असल्याने हा लाभ मोठा आहे. समागमातून पसरणारी जननेंद्रियांवरील संक्रामक गाठ मोकळ्या कुत्र्यांत भारतभर आढळते. रात्री मोकळा सुटणारा घरचा कुत्रा तीच घेऊन येतो.

दुसरी बाजूही आहे. शरीराची अन्नाची गरज सुमारे पाव हिश्शाने कमी होते आणि भूक मात्र वाढते. भाकरी-भाताचे प्रमाण तेच राहिले तर वर्षभरात जनावर स्थूल होते. काही माद्यांना, विशेषतः मोठ्या जातींच्या, पुढे झोपेत मूत्र गळण्याचा त्रास होतो. अमेरिकेतील डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हर जातीवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्षाच्या आत निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्यांत सांध्यांचे विकार अधिक दिसले. तेव्हापासून सर्वांना सहाव्या महिन्यात हा सरसकट नियम मागे पडला. आता प्रौढपणी सुमारे २० किलोपर्यंत भरणाऱ्या कुत्र्यांसाठी सहा महिन्यांच्या आसपासचे, मोठ्या जातींच्या नरांसाठी वाढ पूर्ण झाल्यानंतरचे म्हणजे साधारण ९ ते १५ महिन्यांचे वय सुचवतात. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाचा रोखही प्रत्येक जनावराचा स्वतंत्र विचार करण्याकडेच आहे. मांजरांबाबत असा पेच नाही; पाच महिन्यांचे होण्याआधी शस्त्रक्रिया उरकावी.

‘एक वेत तरी होऊ द्यावे’ हा सल्ला सीमाभागात सर्रास दिला जातो. त्याला वैद्यकीय आधार नाही. निर्बीज कुत्रा राखण करत नाही हा दुसरा समज. अनोळखी माणसावर भुंकणे आणि घराची हद्द राखणे हे स्वभाव व सवयीवर अवलंबून असते, ते शस्त्रक्रियेने जात नाही. उलट मादीमागे चार-चार दिवस घर सोडून जाणारा कुत्रा राखण करतच नसतो. मात्र भीतीपोटी चावणारा कुत्रा केवळ या शस्त्रक्रियेने निवळेल अशी अपेक्षाही धरू नये. दत्तापाशी आणि खंडोबापाशी कुत्रा असल्याने त्याचा वंश खुंटवणे पाप, असेही काही घरांत मानतात. त्याच घरांत खोंडाला नांगराला जुंपण्यापूर्वी खच्ची केले जाते आणि त्यावर कोणी देवाचे नाव काढत नाही, हे येथे नोंदवण्याजोगे आहे.

कायदा व सोयी : केंद्र सरकारच्या २००१ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांची जागा २०२३ च्या नव्या नियमांनी घेतली. मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण व रेबीज लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, तर पाळीव प्राण्याचे जंतनिर्मूलन, लसीकरण आणि निर्बीजीकरण मालकाने करावयाचे आहे. निर्बीजीकरण झालेल्या मोकाट कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात. मोकळ्या फिरणाऱ्या घरच्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नसेल, तर मोकाट कुत्री पकडणाऱ्या पथकाला तो मोकाटच वाटतो. निर्बीजीकरणाने रेबीजला आळा बसत नाही, त्यासाठी लस स्वतंत्रपणे द्यावीच लागते. पैदास करणाऱ्यांवर २०१७ चे श्वान प्रजनन नियम बंधनकारक असून १८ महिन्यांपेक्षा लहान किंवा ८ वर्षांपेक्षा मोठ्या मादीपासून पैदास करण्यास त्यांत मनाई आहे.

पशुवैद्यकाच्या शिक्षणासाठी कर्नाटकाचे स्वतंत्र विद्यापीठ सीमाभागातीलच बीदर येथे आहे आणि मुधोळजवळ तिम्मापूर येथे त्याचे श्वान संशोधन केंद्र चालते. तालुक्यांतील सरकारी दवाखान्यांचा भर मात्र गाई-म्हशींवर असतो, म्हणून निपाणीकडची मंडळी सुमारे ४० किलोमीटरवरील कोल्हापूर जवळ करतात आणि खानापूरची बेळगाव शहर. सरकारी कागद साधारणतः कन्नड किंवा इंग्रजीत असतात. भुलीच्या धोक्याची संमती देण्याआधी तो मजकूर डॉक्टरांकडून समजून घेण्याचा मालकाला अधिकार आहे. शस्त्रक्रिया टाळण्यासाठी माज रोखणारी प्रोजेस्टेरॉन-वर्गीय संप्रेरकांची इंजेक्शने काही ठिकाणी दिली जातात. ती स्वस्त व सोपी असली तरी त्यांनी पायोमेट्राचा आणि स्तनांच्या विकारांचा धोका वाढतो.