हर्नियाच्या ऑपरेशनमधली जागेवरची भूल

हर्नियाचं म्हणजे आंतर्गळाचं ऑपरेशन करताना जांघेत जिथं चीर घेतात तिथं बधिर करणारं औषध टोचतात, त्याला जागेवरची भूल किंवा स्थानिक भूल म्हणतात. काही ठिकाणी अख्खं ऑपरेशनच या भुलीत होतं, तर काही ठिकाणी पाठीत इंजेक्शन देऊन किंवा पूर्ण भूल देऊन ऑपरेशन करतात आणि टाके घालायच्या आधी जखमेत हे औषध सोडतात. दुसऱ्या प्रकारात हेतू एकच, पाठीतल्या इंजेक्शनचा असर संध्याकाळी उतरला की जो ठणका सुरू होतो तो अंगावर येऊ नये.

औषधं मुख्यतः दोन, लिग्नोकेन आणि ब्युपिवाकेन. लिग्नोकेन पटकन चढतं पण तास-दोन तासांत उतरतं, ब्युपिवाकेन चढायला वेळ घेतं पण बऱ्याचदा चार ते आठ तास टिकतं, म्हणून बरेच सर्जन दोन्ही मिळून देतात. ही औषधं नसेतल्या पेशींमधले सोडियमचे मार्ग बंद करतात, त्यामुळे दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही.

नुसतं कातडीखाली टोचून भागत नाही. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक हाताला लागतं ना, त्याच्या साधारण दोन बोटं आत स्नायूंच्या दोन थरांमधे इलिओइंग्वायनल आणि इलिओहायपोगॅस्ट्रिक या नसा जातात, तिथं औषध सोडलं तर जांघेचा बराचसा भाग बधिर होतो. मग कातडीखाली, स्नायूवरच्या पांढऱ्या पडद्याखाली आणि हर्नियाच्या पिशवीच्या मानेपाशी थोडं थोडं देतात, कारण ती पिशवी ओढली की पेशंटला पोटात कळ येते आणि ती वरच्या इंजेक्शनने थांबत नाही.

डोसचा हिशोब मात्र काटेकोर हवा. ब्युपिवाकेन साधारण किलोमागे 2 मिलिग्रॅमच्या आत ठेवतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 120 मिलिग्रॅम, पाव टक्क्याचं औषध असेल तर 48 मिली आणि अर्धा टक्क्याचं असेल तर फक्त 24. चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा जास्त झालं तर तोंडाभोवती मुंग्या, कानात आवाज, झटके आणि हृदयाचे ठोके बिघडणं इथपर्यंत जाऊ शकतं, म्हणून टोचताना पिस्टन मागे ओढून रक्त येतंय का बघतात आणि मॉनिटर लावलेला असतो.

ही कल्पना काही नवी नाही. सर्जन हार्वे कुशिंग यांनी 1900 साली अमेरिकेत कोकेन वापरून अशा ऑपरेशनबद्दल लिहिलं होतं. कॅनडातलं 1945 साली सुरू झालेलं शोल्डाइस हॉस्पिटल याच भुलीसाठी नावाजलेलं, तिथं पेशंटला लगेच चालायला लावायची पद्धत आहे. लॉस एंजेलिसचे सर्जन लिक्टनस्टाइन यांनी कमजोर जागेला आधार म्हणून जाळी बसवायचं ऑपरेशनही याच भुलीत रूढ केलं. आपल्याकडे पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी 2001 साली मांडलेली बिनजाळीची पद्धतसुद्धा जागेवरच्या भुलीत करता येते. 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमधे तर चीर घेऊन केलेल्या प्रत्येक हर्निया ऑपरेशनमधे असं औषध द्यावं असं सांगितलंय, मग मुख्य भूल कुठलीही असो. खर्च किरकोळ आहे, तेव्हा हे सगळीकडे व्हायलाच पाहिजे.

फायदा नुसता दुखण्यापुरता नाही, अख्खं ऑपरेशन याच भुलीत झालं तर पाठीतल्या इंजेक्शननंतर लघवी तुंबते तो त्रास बराच टळतो, आणि म्हाताऱ्या किंवा हृदयाच्या पेशंटला याचं मोल फार. पण अडकलेला हर्निया, लहान मूल, फार घाबरणारा माणूस अशांना नुसती ही भूल पुरत नाही. तीन महिन्यांनंतरही राहणारं जांघेतलं दुखणं वेगळं, ते टाळण्यासाठी या इंजेक्शनवर भरवसा ठेवता येत नाही.

घरच्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट गोळ्यांची. बधिरपणा आहे तोवर पेशंट म्हणतो मला काहीच दुखत नाही, गोळी कशाला, आणि रात्री औषध उतरलं की एकदम कळवळतो. डॉक्टरांनी लिहिलेली पॅरासिटामॉलसारखी गोळी बधिरपणा जायच्या आधीच वेळेवर सुरू करावी. शिवाय कधी कधी औषध मांडीच्या नसेपर्यंत पसरतं आणि काही तास गुडघ्यात जोर राहत नाही, म्हणून पहिल्यांदा उठताना, बाथरूमला जातानाही, कुणीतरी हात धरायला बरोबर हवंच.