बेनिन ब्रॉन्झ

आजच्या नायजेरियातल्या इडो राज्यात जे जुनं बेनिन राज्य होतं, तिथल्या ओबाच्या म्हणजे राजाच्या वाड्यासाठी घडवलेल्या धातूच्या वस्तू. यात भिंतीवरचे फलक, राजांची शीर्षं, घंटा, कोंबडे, बिबटे असं सगळंच येतं, आणि सवयीने हस्तिदंती कामही याच नावाखाली टाकतात. बेनिन नावाचा देश वेगळा, तो १९७५ पर्यंत दाहोमी होता, त्याची इथे गल्लत करू नये. नावात ब्रॉन्झ असलं तरी बहुतेक तुकडे शिसं मिसळलेल्या पितळेचे आहेत.

पद्धत मेण वितळवून ओतायची, आपल्याकडचे ढोकरा कारागीर करतात साधारण तशीच. मातीच्या गाभ्यावर मेणाचं नक्षीकाम, त्यावर मातीचे थर, मग तापवून मेण काढायचं आणि रिकाम्या जागेत धातू ओतायचा, म्हणजे साचा एकदाच वापरता येतो. फलक जवळून बघितला तर मोकळी जागा जवळजवळ नाहीच, मागची सगळी पार्श्वभूमी चार पाकळ्यांच्या बारीक पानांनी भरलेली असते (ही पाण्याच्या देवतेशी, ओलोकुनशी जोडतात) आणि कडेला खिळ्यांची भोकं दिसतात, कारण हे फलक वाड्याच्या खांबांवर ठोकलेले होते. डापर या डच लेखकाच्या १६६८ च्या ग्रंथात अशा खांबांचं वर्णन आहे, पण डापर स्वतः तिथे कधी गेलाच नव्हता, ऐकीव माहितीवर लिहिलंय.

ही कला आली कुठून, हा जुना वाद. १८९७ मध्ये ब्रिटिशांनी बेनिन शहर लुटल्यावर हा माल लंडनला पोचला, तेव्हा इतकं सफाईदार ओतकाम आफ्रिकेतलं असेल हे तिथल्या जाणकारांना पटेचना, मग कोणी पोर्तुगीजांना श्रेय दिलं, कोणी थेट इजिप्तपर्यंत गेलं. फलकांवर लांब केसांचे पोर्तुगीज दिसतात हे खरं, पण म्हणून त्यांनीच ओतकाम शिकवलं असं ठरत नाही. ते बेनिनला पोचले १५व्या शतकाच्या अखेरीस. तोंडी परंपरा, जी बेनिनचे इतिहासकार जेकब एघारेव्हबा यांनी २०व्या शतकात लिहून काढली, ती म्हणते की ओबा ओगुओलाने इफे या नायजेरियातल्याच जुन्या योरुबा शहराच्या राजाकडून इग्वेघा नावाचा ओतारी मागवून घेतला. हे १३व्या शतकाचा शेवट किंवा १४वं शतक असं धरतात, पण हे गणित राजांच्या यादीवरून केलेलं असल्याने फार घट्ट धरू नये. पुढे १९३८ मध्ये इफेला बांधकामासाठी खणताना धातूची शीर्षं निघाली, ती पोर्तुगीजांच्या आधीची मानतात, आणि इग्बो-उक्वू या नायजेरियातल्याच दुसऱ्या ठिकाणचं काम तर ९व्या-१०व्या शतकापर्यंत मागे नेतात, त्यामुळे पोर्तुगीज गुरूंची थिअरी जवळपास बाद झाली. मात्र इफे आणि बेनिनची शैली सहज जुळत नाही, म्हणून इग्वेघाची गोष्ट राजघराण्याचं इफेशी नातं पक्कं करायला पुढे आली असावी असंही काही अभ्यासक म्हणतात. कला त्याच भागातली आणि इफेशी देवाणघेवाण होती, एवढं मानणं जास्त सेफ वाटतं.

धातूचा प्रश्न मात्र बराच सुटलाय. पोर्तुगीज व्यापारी मनिला नावाची पितळी कडी चलन म्हणून आणायचे आणि बदल्यात मिरी, हस्तिदंत, माणसं न्यायचे. बुडालेल्या जहाजांमधल्या मनिला तपासून २०२३ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवलं की बऱ्याच ब्रॉन्झमधला धातू ऱ्हाइनलँडच्या खाणींशी जुळतो. कालक्रम अजून ब्रिटिश अभ्यासक विल्यम फॅग यांच्याच चौकटीवर उभा आहे, पातळ शीर्षं आधीची आणि जाड, वजनदार नंतरची, पण ही चौकट शैलीवरून बांधलेली आहे.

फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन शहर घेतलं. निमित्त आदल्या महिन्यात फिलिप्स या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या तुकडीवर झालेल्या हल्ल्याचं, व्यापाराचं भांडण त्याआधीपासूनचं. ओबा ओव्होनरामवेनला कालाबारला पाठवलं आणि हजारो वस्तू उचलून नेल्या, विकल्या. ब्रिटिश म्युझियममध्ये आज ९०० च्या वर आहेत, आणि संग्रहातल्या वस्तू सहसा देऊन टाकता येत नाहीत असं सांगणाऱ्या १९६३ च्या कायद्याकडे बोट दाखवून ते परत देत नाहीत. गंमत म्हणजे त्याच म्युझियमने १९५० पासून ‘डुप्लिकेट’ म्हणून काही फलक विकलेही होते, त्यातले काही खुद्द नायजेरियाला.

बाकीच्यांकडून वस्तू परत येतायत. जर्मनीने २०२२ मध्ये हजारावर वस्तूंची मालकी सोडली, लंडनच्या हॉर्निमन म्युझियमने त्याच वर्षी ७२ वस्तूंची, आणि नेदरलँड्सने जून २०२५ मध्ये ११९ वस्तू दिल्या. पण परत कोणाला? मार्च २०२३ मध्ये नायजेरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुहारी यांनी मालक म्हणून आजच्या ओबाचं नाव जाहीर केलं, तेव्हा केंब्रिज विद्यापीठाने ठरलेलं हस्तांतर पुढे ढकललं. अमेरिकेत गुलामांच्या वंशजांचा एक गट म्हणतो, पितळ आमच्या पूर्वजांना विकून आलं, आमचाही हिस्सा आहे. बेनिन शहरात मोवा (म्युझियम ऑफ वेस्ट आफ्रिकन आर्ट) नावाचं नवं म्युझियम उभं राहिलं, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये उद्घाटनाच्या तोंडावर निदर्शक आत घुसले. म्युझियम ओबाच्या हाताखाली हवं, ही त्यांची मागणी. उद्घाटन पुढे ढकलावं लागलं.